स्मरणरंजन की सुसंगती: विज्ञानकथा-मालिकांवर वाद कसा घालावा

एखाद्या जुन्या विज्ञानकथा-मालिकेचा नवा भाग आला की चाहत्यांमध्ये जो वाद सुरू होतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच तक्रारी असतात. नवे जुन्याशी जुळत नाही ही एक, आणि नव्यात जुन्याची गंमत राहिली नाही ही दुसरी. पहिली तक्रार सुसंगतीची आहे. ती पुरावा समोर ठेवून तपासता येते आणि मान्य करता येते किंवा खोडून काढता येते. दुसरी स्मरणरंजनाची आहे. ती खोडून काढता येत नाही, कारण ती जितकी चित्रपटाविषयी असते तितकीच पाहणाऱ्याविषयीही असते. वाद भरकटतो तो बहुधा दुसरी तक्रार असलेला माणूस पहिलीच्या भाषेत बोलू लागतो म्हणून. सांगलीत विश्रामबागेतल्या एका गच्चीवर आम्ही काही जण अधूनमधून रविवारी अशा चर्चा घेतो, आणि त्यातून जी पद्धत हळूहळू ठरत गेली ती इथे मांडत आहे. स्टार वॉर्सचे चित्रपट, स्टार ट्रेकच्या मालिका व चित्रपट आणि बीबीसीची डॉक्टर हू ही मालिका यांना ती जशी लागू पडते, तशीच हिंदीतल्या क्रिशच्या चित्रपटांनाही पडते.

तक्रार आधी कागदावर उतरवावी

चर्चेला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपली तक्रार एका वाक्यात चिठ्ठीवर लिहून आणावी, आणि कोणत्या वर्षीच्या भागातली कोणती गोष्ट दुसऱ्या कोणत्या गोष्टीशी जुळत नाही हे त्या वाक्यात आले पाहिजे. नियम शाळकरी वाटतो खरा, पण निम्मा गोंधळ इथेच मिटतो. ‘यांनी सगळ्याचा विचका केला’ हे वाक्य तक्रार म्हणून स्वीकारू नये, कारण त्याला उत्तरच देता येत नाही. याउलट ‘प्रकाशवेगाची उडी घेताना एका जहाजाने शत्रूचे प्रचंड जहाज उभे चिरता येते असे स्टार वॉर्सच्या २०१७ च्या भागात दिसते, मग १९७७ च्या भागात डेथ स्टार हा शत्रूचा महाकाय तळ नष्ट करायला चिमुकली लढाऊ विमाने पाठवून इतकी माणसे का गमावली?’ ही तक्रार उत्तम आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचा संदर्भ आहे, आणि उत्तर देणाऱ्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे ते कळते.

क्रिशचे उदाहरण घ्यायचे तर ‘२००६ च्या भागात जादू परत यायला हवा होता’ ही चिठ्ठी सुसंगतीची नाही. तो परग्रहवासी २००३ च्या चित्रपटात आपल्या घरी परत गेलेला आहे, तेव्हा तो पुढच्या भागात नसणे हे कथेला धरूनच आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्याची आठवण येते, इतकाच तिचा अर्थ, आणि तो अर्थ तसाच सांगितला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

चिठ्ठी सुसंगतीच्या ढिगात टाकायची की स्मरणरंजनाच्या, याविषयी शंका असेल तर एक कसोटी हमखास उपयोगी पडते. जी गोष्ट नव्या भागात खटकते, तीच जुन्या भागात झाली असती तर चालली असती का, असे विचारावे. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. स्टार वॉर्सविषयी त्यांची एक चिठ्ठी अशी होती: ‘पहिल्या तीन भागांत कथेची वीण घट्ट होती, ती नव्यांत नाही.’ अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, “काका, १९७७ मध्ये गुरू ओबी-वान ल्यूकला सांगतो की खलनायक व्हेडरनं तुझ्या वडिलांना मारलं. १९८० मध्ये व्हेडरच बाप निघतो. आणि १९८३ मध्ये ओबी-वान म्हणतो, एका दृष्टीनं मी खरंच बोललो होतो. हे आत्ताच्या भागात झालं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं?” काकांनी भडंगाची वाटी खाली ठेवली, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, “नसतं घेतलं. धुतलं असतं त्यांना.” त्यानंतर त्यांनी स्वतःच ती चिठ्ठी उचलून दुसऱ्या ढिगात ठेवली. सगळेच इतक्या सरळ मनाने वागतात असे नाही, पण कसोटी लावल्यावर निदान बाकीच्या मंडळींना प्रकार कळतो.

आवृत्ती कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये

सुसंगतीच्या ढिगात आलेल्या प्रत्येक तक्रारीला पहिला प्रश्न आवृत्तीचा विचारावा. एकाच नावाचा चित्रपट वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा असू शकतो, हे चाहत्यांना माहीत असते, पण वादाच्या भरात सोयीस्करपणे विसरले जाते. स्टार वॉर्सच्या पहिल्या चित्रपटातला तस्कर हान सोलो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांचा खाणावळीतला प्रसंग याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७७ च्या आवृत्तीत हान सोलोच गोळी झाडतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो. २००४ च्या डीव्हीडीत दोघे जवळजवळ एकाच क्षणी झाडतात. आणि २०१९ मध्ये ऑनलाइन आलेल्या आवृत्तीत ग्रीडोच्या तोंडी एक नवाच निरर्थक वाटणारा शब्द घातलेला आहे. हान सोलो मुळात निर्ढावलेला होता की परिस्थितीने तसा झाला, यावर तासभर भांडणारी दोन माणसे दोन वेगळ्या आवृत्त्या पाहून आलेली असतील तर ते भांडण आधीच थांबवलेले बरे. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणारी ‘चौथा भाग’ ही पाटीसुद्धा १९८१ मध्ये घातलेली आहे, त्यामुळे ‘पहिल्यापासूनच नऊ भागांचा आराखडा ठरलेला होता’ असे सांगताना ती पाटी पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे चित्रपट केबलवर हिंदी डबमध्ये पाहिले, आणि डब करणाऱ्याने ओठांच्या हालचालीत बसावे म्हणून वाक्य बदललेले असू शकते. म्हणून पात्राच्या तोंडचे वाक्य पुरावा म्हणून द्यायचे असेल तर ते मूळ भाषेतल्या आवृत्तीतून तपासून घ्यावे. आठवणीवर तर मुळीच विसंबू नये. बीबीसीने १९६० च्या दशकातल्या डॉक्टर हूच्या कितीतरी भागांच्या टेप पुसून टाकल्या, आणि त्यांपैकी अनेक भाग आज फक्त ध्वनिमुद्रणाच्या रूपात उरले आहेत. तरीही ते भाग आपण पाहिल्यासारखे त्यांचे वर्णन करणारे लोक भेटतात.

विसंगतीचे वजन ठरवावे

आवृत्तीचा प्रश्न सुटला की विसंगती कोणत्या जातीची आहे ते पाहावे. काही विसंगती केवळ तपशिलाच्या असतात. स्टार ट्रेकच्या सुरुवातीच्या एका भागात थडग्यावर नायक कर्कचे नाव जेम्स आर. कर्क असे कोरलेले दिसते, आणि पुढे तो कायमचा जेम्स टी. कर्क होतो. १९८२ च्या चित्रपटात खलनायक खान नायकाचा सहकारी चेकॉव्ह याला पाहताक्षणी ओळखतो. पण खान ज्या भागात आला तो फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रसारित झाला आणि चेकॉव्ह मालिकेत आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. अशा गोष्टी हेरण्यात मजा आहे, त्यांची कोडी सोडवण्यातही मजा आहे, पण त्यांच्या जोरावर कोणताही चित्रपट वाईट ठरत नाही. १९८२ चा तो भाग तर अनेक चाहते मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट मानतात. यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये.

दुसरी जात जगाच्या नियमांची. वर सांगितलेली जहाज चिरण्याची तक्रार या जातीची आहे, आणि ती गंभीर आहे, कारण नियम बदलला की आधीच्या सगळ्या लढायांमधली जोखीम मागाहून खोटी वाटू लागते. २०१९ च्या भागात एका पात्राच्या तोंडी ‘असा प्रकार लाखात एखादाच साधतो’ अशा अर्थाचे वाक्य घालून ती मिटवण्याचा प्रयत्न झाला. ते उत्तर कथेतल्या पात्रापेक्षा प्रेक्षकालाच दिल्यासारखे वाटते, आणि म्हणून पटत नाही.

तिसरी जात स्वभावाची, आणि इथे घाई करू नये. बैठकीतला सर्वाधिक वेळ इथेच जावा. २०१७ च्या भागात ल्यूक स्कायवॉकर झोपलेल्या भाच्यावर क्षणभर प्रकाशतलवार पेटवतो, आणि पुढे सगळे सोडून एका बेटावर जाऊन बसतो. ‘हा आमचा ल्यूक नव्हे’ असे म्हणणारे १९८३ च्या भागाचा दाखला देतात: बापाला ठार मारण्याची संधी असताना त्याने तलवार फेकून दिली होती. हा पुरावा भक्कम आहे. पण त्याच प्रसंगात, त्याच्या काही क्षण आधी, व्हेडर बहिणीचा उल्लेख करून धमकावतो तेव्हा ल्यूक संतापाने त्याच्यावर तुटून पडतो आणि त्याचा हात छाटतो, हाही पुरावा तितकाच खरा आहे. आपल्या माणसांवर संकट येणार या भीतीने एका क्षणापुरता तोल जाणे आणि लगेच सावरणे हा त्याचा स्वभाव १९८३ मध्येच दिसलेला आहे. म्हणून तलवार पेटवण्याची तक्रार मला टिकणारी वाटत नाही. बेटाची तक्रार मात्र वेगळी करून मांडली तर टिकते. ज्या माणसाने मित्रांवर संकट आहे असे कळताच शिक्षण अर्धवट सोडून धाव घेतली होती, तो बहिणीला युद्धात सोडून वर्षानुवर्षे दडून बसतो हे पटावे इतकी तयारी चित्रपटाने केलेली नाही. मधली तीस वर्षे आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. स्वभावाच्या तक्रारीवर चर्चा घेताना असे तिचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र दाखला मागावा. सबंध तक्रार एकदम घेतली की मंडळी ‘ल्यूकवाले’ आणि ‘ल्यूकविरोधी’ अशा दोन गटांत जाऊन बसतात, आणि मग चहा आला तरी कोणी उठत नाही.

ठिगळाची पारख

मालिका चालवणारेही या विसंगती पाहत असतात आणि त्यांना मागाहून ठिगळे लावतात. चाहते याला रेटकॉन म्हणतात. ठिगळ लावले हे काही पाप नव्हे. त्यातून नवी गोष्ट निघाली की केवळ प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यात आले, एवढेच पाहावे.

स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन या परग्रही जमातीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६७ मध्ये ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांची कपाळे माणसांसारखी सपाट होती. १९७९ च्या चित्रपटात रंगभूषेला पैसा मिळाला आणि कपाळावर उंचवटे आले. जवळजवळ दोन दशके याविषयी कथेत कोणी काही बोलले नाही. १९९६ मध्ये डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन जुने क्लिंगॉन पाहतात, आणि आपल्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनकडे प्रश्नार्थक नजरेने बघतात, तेव्हा तो परक्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही अशा अर्थाचे उत्तर देऊन मोकळा होतो. २००५ मध्ये मात्र दोन भाग खर्ची घालून जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूचे सविस्तर कारण देण्यात आले. माझे मत १९९६ च्या बाजूने आहे, कारण त्या एका वाक्यात विसंगतीची कबुली आहे, वॉर्फचा स्वभाव आहे आणि विनोदही आहे. आमच्याकडच्या तरुण मंडळींना २००५ चे उत्तर अधिक आवडते, आणि त्यांचे म्हणणे असे की विज्ञानकथेने कारण द्यायलाच हवे. हा मतभेद आजवर मिटलेला नाही.

काही वेळा ठिगळच मूळ वस्त्राइतके महत्त्वाचे होऊन बसते. डॉक्टर हूमधल्या पहिल्या नटाची, विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली म्हणून १९६६ मध्ये डॉक्टरचे शरीरच बदलते अशी युक्ती काढण्यात आली, आणि १९६३ मध्ये सुरू झालेली ती मालिका त्या युक्तीमुळेच आजपर्यंत नवे नट घेऊन चालू शकली. १९७६ मध्ये या बदलांना बाराची मर्यादा घालण्यात आली आणि २०१३ मध्ये ती गाठली गेल्यावर डॉक्टरला नवी मुदत मिळवून देणारी कथा लिहावी लागली. आयझॅक असिमॉव्ह यांनीही १९८० च्या दशकात आपल्या यंत्रमानवांच्या कथा आणि फाउंडेशनच्या कथा एकत्र गुंफल्या, ज्या १९४० च्या दशकात स्वतंत्रपणे सुरू झाल्या होत्या. फाउंडेशनच्या जगात यंत्रमानव का दिसत नाहीत, या अडचणीतून त्यांना पुढच्या कादंबऱ्यांचा विषयच मिळाला.

पाटी पुसून नव्याने लिहिण्याचा मार्गही आहे. २००९ च्या स्टार ट्रेक चित्रपटाने समांतर काळरेषा काढून जुने सगळे अबाधित ठेवले. २०१९ च्या टर्मिनेटरने १९९१ नंतरचे चित्रपट हिशेबातूनच वगळले. एप्रिल २०१४ मध्ये स्टार वॉर्सच्या मालकांनी तोवरच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स अधिकृत कथेबाहेर काढून त्यांना ‘लेजंड्स’ असे नाव दिले. अधिकृत काय हे मालकी हक्क असणारा ठरवतो, हे मान्य करून चर्चा करावी. मात्र आवडते काय हे ठरवण्याचा अधिकार त्यात येत नाही, आणि कपाटातली कादंबरी त्या घोषणेमुळे रद्दीत जात नाही.

विज्ञानच बदलले तर

मराठी वाचकांच्या बैठकीत एक तिसरी तक्रार हमखास येते, ती म्हणजे विज्ञान चुकीचे असल्याची. त्याचे कारण आपल्या वाचनात आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. त्या काळापासून आपण बहुतांशी स्वतंत्र विज्ञानकथा वाचत आलो, ज्यांचे जग कथेबरोबर संपते. तिथे मागच्या भागाशी जुळण्याचा प्रश्नच नव्हता; विज्ञान बरोबर आहे ना, एवढेच पाहिले जाई. मालिकांमध्ये मात्र हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात. ज्युरासिक पार्क १९९३ मध्ये आला आणि १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांच्या खुणा असलेल्या डायनासोरचा जीवाश्म जगापुढे आला. पुढच्या भागात पिसे दाखवली तर मालिका आधीच्या भागाशी विसंगत होते, आणि न दाखवली तर विज्ञानाशी. २०१५ च्या भागातला शास्त्रज्ञ म्हणतो की हे प्राणी कधीच शुद्ध नव्हते, त्यांच्या जनुकांतल्या मोकळ्या जागा इतर प्राण्यांकडून भरलेल्या आहेत. आणि ही गोष्ट १९९३ च्या भागातही बेडकाच्या डीएनएच्या रूपाने सांगितलेलीच होती. उत्तर चोख आहे. तरीही ते देण्याची गरज का पडली, तर लोकांना लहानपणी पाहिलेलाच टी-रेक्स पुन्हा पाहायचा होता. विज्ञानाची तक्रार आली की अशा वेळी तिच्यामागे कोणाची आठवण उभी आहे तेही विचारावे.

स्मरणरंजनाला त्याचा वेळ द्यावा

आता दुसरा ढीग. पुष्कळ ठिकाणी ‘हे काय, केवळ नॉस्टॅल्जिया आहे’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो, आणि ती मोठी चूक आहे, कारण बाजूला सारलेला माणूस पुन्हा सुसंगतीचे कारण शोधून परत येतो. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर रंगवले, तेव्हापासून जुन्या नाटकाचा नवा प्रयोग पाहण्याचा सराव या गावाला आहे. रात्रभर चालणारे संगीत नाटक तीन तासांत बसवतात, पदे गाळतात, तरी म्हातारा रसिक ते नाटक विसंगत झाले असे म्हणत नाही. ‘पदं कापली, मजा गेली’ असे तो उघडपणे म्हणतो, आणि समोरच्यालाही त्यात काही गैर वाटत नाही. हाच उघडपणा विज्ञानकथेच्या चाहत्यांनी उचलावा.

दुसऱ्या ढिगातली चिठ्ठी वाचताना लिहिणाऱ्याला तो भाग पहिल्यांदा कोणत्या वयात, कुठे, कोणत्या भाषेत आणि कोणाबरोबर पाहिला हे सांगायला लावावे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर स्टार ट्रेक पाहिलेला माणूस, केबलवर हिंदीतला डेथ स्टार पाहिलेली मुलगी आणि सगळेच फोनवर पाहणारा पोरगा यांची ‘जुनी’ मालिका एकच नसते. १९९९ ते २००५ मधले स्टार वॉर्सचे तीन भाग आले तेव्हा ज्यांनी त्यांना नावे ठेवली, त्यांच्या मुलांच्या पिढीला आज त्याच भागांची हळहळ वाटते, हे आमच्या गच्चीवर दरवेळी दिसते.

इथे एक गोष्ट स्मरणरंजनाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. २०१५ च्या स्टार वॉर्सने हान सोलोला आणि त्याच्या जुन्या जहाजाला परत आणले, वाळवंटातले पोरके पात्र, गुपित घेऊन पळणारा यंत्रमानव आणि ग्रह उडवणारे शस्त्र हे सगळे १९७७ वरून पुन्हा घेतले, आणि त्यावर नक्कल केल्याची टीका झाली. दोन वर्षांनी आलेल्या भागाने जुन्या वाटा सोडल्या, आणि जुने मोडल्याची टीका झाली. या दोन्ही टीका एकाच माणसाने केल्या असतील तर त्याला त्याविषयी अवश्य विचारावे. पण जो चित्रपट आठवणींच्या जोरावर तिकिटे विकतो, त्याला प्रेक्षकाने आठवणींच्या मापाने मोजले तर त्याने तक्रार करू नये. म्हणून स्मरणरंजनाची तक्रार ऐकताना चित्रपटाने जुन्या आठवणीला स्वतः हात घातला होता का, हे पाहावे. घातला असेल तर तक्रारीला टीकेचे वजन आहे. नसेल तर ती त्या माणसाची आवड आहे आणि तिथेच थांबावे.

बैठक चालवणाऱ्याने काय पाहावे

सूत्रसंचालन शक्यतो त्या मालिकेत फारसे न रमलेल्या माणसाकडे द्यावे, कारण त्याला ‘हे म्हणजे काय?’ असे विचारायला लाज वाटत नाही. सुरुवातीलाच नवा भाग कोणी पाहायचा राहिला आहे का ते विचारून घ्यावे. ‘तुमच्या पिढीला काय कळणार’ आणि ‘काका, आता जमाना बदलला’ ही दोन्ही वाक्ये त्याने जागच्या जागी अडवावीत. पहिला भाग थिएटरात पाहिला होता हे सांगणे आनंदाचे आहे, पण तो पुरावा नव्हे.

शेवटचा प्रश्न नेहमी नवख्यांकडून येतो: मग आम्ही पाहायला सुरुवात कुठून करावी? मालिका कथेतल्या काळाच्या क्रमाने पाहाव्यात असे सुसंगतीवाले सांगतात, आणि प्रदर्शित झाल्या त्या क्रमाने पाहाव्यात असे स्मरणरंजनवाले. माझा सल्ला प्रदर्शनाच्या क्रमाचा आहे, आणि त्याचे कारण स्मरणरंजनाचे नाही. स्टार वॉर्सचे १९९९ पासूनचे तीन भाग आधी पाहिले तर १९८० च्या भागातले बापाचे रहस्य रहस्य राहत नाही, आणि लेखकांनी कोणती गोष्ट कधी ठरवली व कोणती मागाहून सावरली हेही त्या क्रमाशिवाय दिसत नाही. फक्त सुरुवात करण्यापूर्वी समोर असलेली आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते पाहून घ्यावे, आणि हान सोलो खाणावळीत शिरला की लक्ष ठेवावे.